बाजारात वाटलेलं नाव

आमच्या वस्तीत संध्याकाळी एखादी बाई दारात उभी राहून "ए किरण, घरी ये!" असं ओरडली की चार-पाच घरांतून ओ येते. त्यात पोरगाही असतो, पोरगीही असते. एक कॉलेजात जाणारा, एक शाळेतली, बाकीची नुकती दुडदुडायला लागलेली. पाहुण्यांना याची गंमत वाटते. आमच्या घरात मात्र त्या हाकेला शिलाई मशीन थांबतं. फार वेळ नाही. सुई कापडात रुतलेली, वहिनीचा पाय पायट्यावर तसाच. मग मशीन पुन्हा सुरू होतं. मी समोर बसून काहीतरी लिहीत असते आणि मला मान वर करता येत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ब्लाऊज शिवते, परकर शिवते, लहान लेकरांची झबली शिवते. आणि दारातली ही किरणांची गर्दी माझ्यामुळं झालेली आहे.

नाव मी शोधलेलं नाही, ते आधीच सांगते. आमच्या पणज्या-आज्यांची नावं गावानं ठेवली होती. दगड, धोंडा, कचरा, उकिरडा यांवरून जित्याजागत्या माणसांची नावं, आणि ती तशी ठेवली म्हणून गावाला कधी लाज वाटली नाही. धर्मांतर झालं, लोकांनी ती नावं टाकली आणि धम्मातली नावं घेतली. ताठ मानेची, अर्थाची. मला ती नावं आवडतात, माझंही तसलंच आहे. पण त्या नावाला बीडमध्ये भाड्यानं खोली मिळत नाही. नाव ऐकलं की घरमालकाला एकदम आठवतं, खोली तर कालच दिली.

वस्तीतला पहिला किरण म्हणजे दादाचा मित्र. त्याच्या आईनं चौसाळ्याला एका कापडदुकानदाराच्या मुलीचं नाव ऐकलं आणि आपल्या पोराला ठेवलं. पोरीचं नाव पोराला कसं, असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "त्यांच्या पोरीला चालतंय, मग माझ्या पोराला कावून न्हाई?" शाळेत असताना त्याला चुकून मुलींचा मोफत एसटी पास मिळाला. कारकुनानं नाव बघितलं, चेहरा बघितला नाही. कंडक्टर रोज म्हणायचा, "या किरणताई, खिडकीपाशी बसा." तो बसायचा. पुढं दादा आणि तो बीडला खोली शोधायला गेले. मालकानं दोघांची नावं विचारली. दादाचं नाव ऐकून मालक गप्प झाला, आणि किरणच्या हातात चहाचा कप आला. मग मालकानं नेहमीचा दुसरा प्रश्न विचारला, "पूर्ण नाव?" आडनाव सांगितल्यावर दोघंही रस्त्यावर. "पन तवर अर्धा चहा पिऊन झालता," किरण सांगायचा. "नावाचा तेवढाच फायदा."

अर्ध्या चहापुरतं का होईना, पण हे नाव जात सांगत नाही. मराठ्यांत आहे, जैनांत आहे, मुसलमानांतही मी ऐकलंय. मुलगा की मुलगी तेही सांगत नाही. वस्तीतल्या आयांना हे कळलं. म्हणून दर काही वर्षांनी एखादा किरण, एखादी किरण असं चालू राहिलं. इतपत ते नाव त्यांचं होतं. पुढचं मी केलं.

बीडला आमचा एक गट आहे. मोर्चे, धरणं, पत्रकं. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी त्यात आहे आणि लिहायला तिथंच शिकले. पत्रकाची रीत सोपी असते. वाक्य आखूड. वाचणाऱ्याला विचार करायला जागा ठेवायची नाही. शेवटी आरोळी. आमच्या जिल्ह्यात पोटातल्या मुलींचं काय होत आलंय हे मला कुणी शिकवायला लागलं नाही, ते बघतच मी मोठी झाले. सोनोग्राफीच्या मशिनीला सील लागतं, मशीन गाडीत बसून फिरायला लागतं. कायदा कचेरीत बसून राहतो. मला राग होता, अजून आहे. त्या रागातून मी एक पत्रक लिहिलं. माझ्या हातून लिहिलं गेलेलं सगळ्यात यशस्वी पत्रक.

"पोट दिसलं की लोक विचारतात, मुलगा की मुलगी? आपलं उत्तर एकच, किरण! जन्माआधीच नाव ठेवा. जो येईल त्याचं, जी येईल तिचं. मशिनीत डोकवायचं कारणच नको!"

पिवळ्या कागदावर छापलं. शिरूर कासारला ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी सभा घेतली. ट्रकांवर भांडी, बाजा, शेळ्या चढत होत्या आणि मी एका ओट्यावर उभी राहून ओरडत होते. एका बाईनं खालून विचारलं, "अन् जुळं झालं तर ओ?"

"थोरली किरण, धाकटा किरण!"

सगळ्या हसल्या. मग एक सासू पुढं आली. "नाव कायबी ठेवा. मला नातूच पायजे."

"मावशी, नातवाचं नावबी किरणच हाय."

"मग ठेवा बाई," ती म्हणाली, आणि पत्रक घडी करून कमरेला खोचलं.

मला वाटलं, आपण जिंकलो.

एक आक्षेप मात्र प्रत्येक ठिकाणी यायचा. पोटातल्या लेकराला नाव ठेवीत नाहीत. कपडे शिवीत नाहीत, पाळणा आणीत नाहीत, नाव तर काढायचंच नाही. आमच्यात धर्म बदलला तरी ही रीत बदलली नाही. मी विचारायचे, का? तर उत्तर नाही. "नसत्यात ठेवत." झालं. मग मी अंधश्रद्धेवर दहा मिनिटं बोलायचे. मला त्या विषयावर कधीही उठवून बोलायला सांगा, मी बोलते.

त्याच वर्षी वहिनीला दिवस गेले.

आमच्यात लेकराचं नाव आत्या ठेवते. तो तिचा मान. पाळण्यात वाकून तिनं बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि मागून बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. म्हणजे नाव ठेवायचा हक्क माझाच होता, त्यावर कुणाचं भांडण नव्हतं. वाद फक्त कधी ठेवायचं याचा होता. ओटीभरणाच्या सकाळी मी वहिनीला सांगितलं की आज सगळ्यांसमोर नाव जाहीर करणार. ती काजं करत होती.

"ताई, आत्ता नगं," ती म्हणाली. "लेकरू येऊ द्या. तुमचाच मान हाय, कुठं जातंय?"

"वैनी, ही भीतीच तर काढायची आपल्याला."

"भ्या न्हाई वाटत मला."

"मग काय अडचन हाय?"

तिनं दोरा दातानं तोडला. काय अडचण आहे ते सांगितलं नाही. मी ते होकारात धरलं. प्रचार करणाऱ्या माणसाला ही खोड असते. समोरचा गप्प बसला की तो पटला असं आम्ही मोजतो.

ओटीभरणात दोन वाट्या झाकून ठेवतात, एकीत पेढा, एकीत बर्फी. बाईनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी दोन्ही वाट्यांत गुलाबजाम ठेवले. वहिनीनं एक उघडली, गुलाबजाम. बायका म्हणाल्या, दुसरी उघड. दुसरीतही गुलाबजाम. हशा पिकला. आई म्हणाली, "ह्या पोरीनं सगळ्या खेळाचा इस्कोट केला." आणि त्या हशातच मी उभी राहिले. आमच्या घरात येणाऱ्या बाळाचं नाव किरण, आत्या म्हणून मी ठेवतेय, मुलगा की मुलगी विचारायचं नाही. टाळ्या वाजल्या. आईनं मात्र पदर तोंडाला लावला. वहिनी गुलाबजामाच्या वाटीकडं बघत होती. फोटोत ती तशीच आली आहे. आम्ही तो फोटो गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकला.

मग ते नाव घरात राहायला आलं. दादा कामावरून आल्यावर विचारायचा, "किरणची काय खबर?" आई आधी चिडायची, मग तीही म्हणायला लागली, "किरणला भूक लागली आसंल, जेव." आणि वहिनी, जिला नाव आत्ता नको होतं, ती सगळ्यात जास्त त्या नावाशी बोलायला लागली. मशीनवर बसून. "किरण, बॉबीन संपली बग." "किरण, आजून दोन बाह्या लावायच्यात, मग उठू." मी आतल्या खोलीतून ऐकायचे आणि मला आनंद व्हायचा. खरा आनंद. मग मी तो पुढच्या पत्रकात घातला. "आमच्याच घरात शिलाई मशीनवर बसलेली आई पोटातल्या किरणशी बोलते!" तिला विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंच नाही. माझ्याच घरातली गोष्ट, माझंच पत्रक.

वहिनी आठव्यात होती. वडवणीच्या आठवडी बाजारात मी पत्रकं वाटत होते. हिरव्या मिरचीच्या ढिगांमधून जात होते, बायकांच्या पिशव्यांत कागद टाकत होते. दादाचा फोन आला. बाळ हलत नाही, बीडला नेतोय. मी गठ्ठा काखेत घेऊन तशीच एसटीत बसले. पोचले तेव्हा बाळंतपण झालेलं होतं, बाळ पोटातच गेलेलं.

त्या दिवशी दवाखान्यात मुलगा की मुलगी असं कुणीही विचारलं नाही. आमच्या पत्रकाची मागणी तीच होती.

सिस्टर कागद भरत होती. वाईट बाई नव्हती, हळू बोलत होती. आईचं नाव, गाव, वय असं विचारत गेली. खाटेवरून वहिनी म्हणाली, "लेकराचं नाव लिव्हा. किरण."

"ताई, अशा बाळाचं नाव नसतं लिहायचं."

"नाव हाय," वहिनी म्हणाली. "ठेवलंय. ह्यांनी ठेवलंय." आणि माझ्याकडं बोट केलं.

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. माझ्या काखेत पिवळा गठ्ठा होता. मी तो ओढणीखाली घेतला.

मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. कुणीतरी म्हणणारच होतं की पोटातल्याला नाव ठेवलं म्हणून असं झालं. मग मी सांगणार होते की नावानं कुणी मरत नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलंय, रक्तपुरवठा, त्याचा नावाशी संबंध नाही. हे खरं आहे, आजही मी ते शपथेवर सांगेन. पण ते उत्तर मला कुणी मागितलंच नाही. वस्तीतल्या बायका आल्या, बसल्या, गेल्या. एकीनंही माझ्याकडं बोट दाखवलं नाही. भांडायला कुणी आलं असतं तर मी भांडले असते, तेवढं मला येतं. फक्त एकदा, भाकरी थापताना, आई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "नाव नसतं तर इसरायला सोपं गेलं असतं."

मी किती गावांत विचारलं होतं, का नाव ठेवत नाहीत? उत्तर माझ्याच आईजवळ होतं. माझ्या आणि दादाच्या मधलं एक बाळ तिचंही गेलेलं आहे. मला ते माहीत होतं, पण त्याचं नाव काय असं मी तिला कधी विचारलं नव्हतं. नव्हतंच ठेवलेलं. रीत भीतीची होती, मान्य. पण त्या रीतीत रडून झाल्यावर उठून कामाला लागायची सोयही होती. मी भीती काढायला गेले आणि ती सोयही काढून घेतली.

आणि पत्रक तर चालूच होतं. त्या हंगामात आमच्या वस्तीत, शेजारच्या गावात, टोळीवर गेलेल्या बायकांना तिकडं फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, लेकरं झाली आणि त्यांची नावं किरण ठेवली गेली. लोक मला रस्त्यात थांबवून सांगायचे. शेजारच्या घरात मुलगी झाली. तिथल्या सासूनं आधी दोनदा सुनेला दवाखान्याचा रस्ता दाखवायची भाषा केली होती. ही तिसरी मुलगी मात्र जगात आली, आणि तिचं नाव किरण. त्यांनी बारशाला वहिनीकडूनच झबलं शिवून घेतलं. पत्रकानं एक मुलगी वाचवली असेल तर ती हीच. हे मी विसरू शकत नाही आणि त्याच्याआड लपूही शकत नाही.

वहिनी त्या बारशाला गेली. झबलं दिलं, पाळण्याला हात लावला. शेजारीण मोठ्या मायेनं म्हणाली, "तुमच्या ननंदेनं दिल्यालंच नाव ठिवलं बगा." वहिनी हसली. घरी येऊन मशीनवर बसली आणि माझ्याकडं न बघता बोलली.

"ताई, ते नाव माझ्या लेकराचं होतं. तुमी बाजारात वाटलं."

मी म्हणाले, आणि हे मला लिहितानाही नको वाटतं, मी म्हणाले, "वैनी, नाव काय कुना एकाचं नसतं."

"लई खरं हाय," ती म्हणाली आणि मशीन चालू केलं.

त्यानंतर मी ते पत्रक हातात घेतलं नाही. गटात सांगितलं की यात एक ओळ घाला, आईला विचारून नाव ठेवा. आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "घोषणा ढिली पडते." मी रागावले, तावातावानं बोलले. मग आठवलं की घोषणा ढिली पडू द्यायची नाही हे मीच पोरांना शिकवलं होतं. पत्रक अजून छापलं जातं. दुसऱ्या पोरी वाटतात. चांगल्या पोरी आहेत, मोठ्यानं बोलतात.

यंदा वहिनीला मुलगी झाली. जिवंत, काळीसावळी, मोठ्या आवाजाची. नऊ महिने घरात कुणी तिचं नाव काढलं नाही, मी तर पोटाकडं बघायचंही टाळलं. नामकरणाचा दिवस ठरला आणि माझी झोप गेली. मान माझा होता. आई साडी काढून म्हणाली, "ही नेस. पाठीत धपाटे खायचेत तुला." मी ठरवलं, हा मान वहिनीला द्यायचा. मनातल्या मनात मला ते लई मोठं वाटत होतं, खरं सांगते.

वंदना झाली, त्रिशरण झालं. बायका पाळण्याभोवती जमल्या. मी वाकले नाही. मागं सरकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज नाव वैनी ठेवतील. आईचा हक्क पहिला."

 आई म्हणाली, "आत्या हजर असताना आई कशी ठेवील गं?"

मी वहिनीकडं बघितलं. मला वाटलं होतं तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती भडकली होती.

"हेबी तुमीच ठरिवलं का?" ती म्हणाली. "हेबी सगळ्याम्होरं?"

 पुन्हा तेच केलं होतं मी. पुन्हा उभी राहून जाहीर, पुन्हा न विचारता.

"आत्या हायत तुमी. आत्याचं काम करा," ती म्हणाली. "वाका. नाव मी सांगते."

मी वाकले. ती माझ्या शेजारी वाकली, तिचं तोंड माझ्या कानाशी आलं. तिनं नाव सांगितलं आणि लगेच म्हणाली, "अन् ताई, हे पत्रकात नगं. कुठंच नगं."

"न्हाई," मी म्हणाले.

मी बाळाच्या कानात नाव सांगितलं. पाठीत धपाटे बसले. बाकीच्यांचे रीतीपुरते होते. एक जोरात बसला, हाडाला लागला. तो कुणाचा होता ते मला बघायची गरज नव्हती. मी सरळ झाले नाही. वाटलं, आणखी एक बसावा. पण वहिनी बाळाला उचलून घेऊन मशीनजवळच्या तिच्या जागेवर जाऊन बसली होती. बायका "काय ठिवलं, काय ठिवलं?" करत तिच्यामागं गेल्या. तिनंच सांगितलं, मोठ्यानं, हसत.

वस्तीला ते नाव माहीत आहे, इकडं येऊन कुणीही विचारा. मुलाला चालेल, मुलीला चालेल असंच आहे. ती ते कधीपासून मनात धरून होती ते मी विचारलं नाही. इथं ते लिहायचं नाही, तेवढं मला सांगितलेलं आहे.